छत्तिसावा फोटो

हात खांद्याला लागला नाही. लागता लागता थांबला. पण कुणीतरी मागे इतकं जवळ उभं आहे हे पाठीला आधी कळतं आणि मनाला नंतर. मी कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतला. "काय चाललंय मावशी?" मागून आवाज आला. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज ऐकू आली की मी अगदी ह्याच सुरात विचारत असे, काय चाललंय? आणि एकतीस वर्षांत एकाही मुलानं त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं नव्हतं. मीही दिलं नाही. "काही नाही," म्हणाले. वळून पाहिलं तर पहारेकरी. तरुण, पण पोरगेला नव्हे. गणवेशाची कॉलर गळ्याभोवती सैल, खांद्याला दोरीनं बांधलेली शिट्टी. भुयारी स्थानकात सकाळी अकराच्या सुमारास असते तेवढीच गर्दी होती. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होते, पाण्यानं दगडाला वळसा घालावा तसे, आणि वळसा घालताना प्रत्येक जण एकदा माझ्याकडे बघून घेत होता. "फोटो काढत होतात ना?" "हो. एकच." "इथं बंदी आहे." ह्यावर विचारायचं असतं, कुठं लिहिलंय? ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि तोंडातून बाहेर आलं ते, "हो का?" इतक्या नम्रपणे, की माझी मलाच लाज वाटली. त्यानं हात पुढे केला. मी कॅमेऱ्याचा पट्टा मानेतून काढला नाही, तसाच त्याला दाखवला. त्यानं कॅमेरा उलटा केला, सुलटा केला, पाठीवरच्या काळ्या चामड्यावर अंगठा फिरवला. "ह्याचा पडदा कुठाय?" "पडदा नाही ह्याला." "मग फोटो दिसतो कुठं?" "दिसत नाही. धुतल्यावर दिसतो." "धुतल्यावर?" मी त्याची थट्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं. "हे बघा मावशी, मला भांडायचं नाहीये. डिलीट करा आणि जा." "ह्यात डिलीट होत नाही रे बाळा." तो 'बाळा' मला भोवला. इतका वेळ तो जरा वाकून बोलत होता, तो ताठ झाला. "मग उघडा आणि आतलं काढून टाका. नाहीतर साहेबांकडे चला."

उघडा. तो शब्द त्यानं डब्याचं झाकण उघडा म्हणावं इतक्या सहज उच्चारला. उघडलं की आत उजेड जातो आणि फिल्मवरचं सगळं पुसलं जातं. मी कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि त्याच्यामागून चालू लागले. आत छत्तीस फोटोंचा एक रोल होता. त्यातले तेवीस ह्यांनी काढलेले, तेरा मी. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही हा ह्यांचा नियम. ताटात टाकायचं नाही तसं रोलमध्येही टाकायचं नाही. म्हणून मी तो पुरा करत होते. महिन्याला एक, जेमतेम. मुलगी फोनवर हसायची, "आई, तेरा फोटोंना चौदा महिने? तेवढ्यात कासवसुद्धा घरी पोचून जेवून झोपतं." तिला वाटायचं मी ह्यांची आठवण पुरवून पुरवून वापरते आहे. तिला तसंच वाटू देत होते. खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि ते कारण आता माझ्या पोटाशी, दोन तळव्यांच्या मध्ये, दर पावलाला हलत होतं.

ह्यांच्या आजारात दर तिसऱ्या आठवड्याला, गुरुवारी, आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात जावं लागे. गाडी इथंच बदलायची. मी ह्यांना तिकीट खिडकीसमोरच्या पोलादी बाकावर बसवायची. पाच जागांचा बाक, तिसरी जागा खिळखिळी, म्हणून चौथ्या जागेवर. आणि मी रांगेत. रांग नेहमी मोठी असायची. वळून बघितलं की हे कॅमेरा खाली घेत असलेले दिसायचे. "काय काढता हो सारखं?" "तुला काय करायचंय? तू रांगेत नीट उभी राहा. पुढच्या माणसाच्या टाचेवर पाय देतेस." तेवीस फोटो त्या बाकावरून काढलेले. समोर तिकीट खिडकी, रांग, आणि रांगेत पाठमोरी मी. मला फोटो काढून घ्यायला कधी आवडलं नाही. कॅमेरा दिसला की माझा हात आडवा यायचा, माझा नको. घरातल्या सगळ्या फोटोंत मी कुठं कोपर आहे, कुठं भिंतीवरची सावली. त्या तेवीस फोटोंत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण पाठीला ठाऊक होतं. रांगेत उभी असताना मानेखाली एक जागा ऊबदार व्हायची. उन्हात बसल्यासारखी. आणि भुयारी स्थानकात तर ऊन नसतं.

आता खरं कारण. तो रोल मी भरला होता. ह्यांची बोटं तोवर थरथरू लागली होती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. "मास्तरीणबाई, आज तुमची परीक्षा," असं म्हणून ह्यांनी कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. पलंगावर बसून एकेक पायरी सांगितली. फिल्मची डबी डावीकडे. फिल्मची जीभ ओढून उजवीकडच्या दांड्याच्या फटीत घालायची. चाकाचे दाते फिल्मच्या भोकांत बसले पाहिजेत, वर आणि खाली दोन्हीकडे. मग झाकण. खाली स्थानकाला न्यायची टॅक्सी उभी होती, टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसल्यासारखा वाजवत होता, इस्पितळाची वेळ चुकत होती. "बसले का दाते?" ह्यांनी विचारलं. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. माझीच सावली कॅमेऱ्यात पडली होती, मला काही दिसत नव्हतं. "बसले," मी म्हणाले आणि झाकण दाबलं. एकतीस वर्षं मुलांना सांगत आले, न बघता हो म्हणू नका, येत नसेल तर येत नाही म्हणा, बाई रागावणार नाहीत. आणि मी न बघता म्हणाले, बसले. दाते बसले नसतील तर फिल्म जागची हललेलीच नाही. मग ह्यांनी तेवीस वेळा त्या बाकावरून हवा टिपली, आणि मी तेरा वेळा.

ह्यांच्यानंतर एकदा फोटोच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की रोल नीट चढलाय हे बाहेरून कळतं का हो? तो म्हणाला, "सोपं आहे. पुढचा फोटो घ्यायला उजवीकडची दांडी ओढता ना, तेव्हा डावीकडची कळ बघा. ती फिरली तर रोल चाललाय. नाही फिरली तर तुम्ही नुसता व्यायाम करताय." इतकं सोपं. त्या दिवसापासून दर वेळी दांडी ओढताना मी डोळे मिटून घेतले. अगदी घट्ट, इंजेक्शन घेताना मुलं मिटतात तसे. रविवारी आमच्या इमारतीतली मुलं माझ्याकडे येतात, आम्ही खोक्याला सुईनं भोक पाडून कॅमेरा करतो. त्यातल्या एकीनं विचारलं होतं, "बाई, प्रकाश आत गेला की अडकून बसतो का?" मी म्हटलं, बोलावल्यावर आला तर पाहुण्यासारखा चित्र ठेवून जातो, न बोलावता घुसला तर सगळं खाऊन टाकतो. "आणि बोलावलं पण आत बसायला जागाच नसेल तर?" असं तिनं विचारलं, आणि मी त्या दिवशी तास लवकर सुटला म्हणून सांगितलं.

आज छत्तिसावा. ह्यांच्याच बाकावर, चौथ्या जागेवर बसून, तिकीट खिडकीचा. एवढ्याचसाठी तो मी शेवटाला ठेवला होता. फोटो काढायचा, आणि मग डोळे उघडे ठेवून दांडी ओढायची. अडली, तर रोल संपला, म्हणजे रोल सरकत होता. नाही अडली, तशीच मऊ फिरत राहिली, तर. मी बटण दाबलं, नीट बघायला उठून उजेडाकडे सरकले, उगाच पुन्हा एकदा कॅमेऱ्यातून समोर पाहिलं, अंगठा दांडीवर ठेवला, आणि तेवढ्यात तो हात.

साहेबांची खोली सरकत्या जिन्याखाली होती. छत एका बाजूला उतरतं. उंच माणसानं दारातच उभं राहावं आणि बुटक्यानं आत जावं अशी. डोक्यावरून माणसं वर चालल्याची घरघर सतत येत होती. एका भिंतीवर बारा पडदे, त्यांवर स्थानकाचे बारा तुकडे. साहेब चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्या कपाळावर होता. वर्गात असतं तर मी मुलांना हसू दिलं असतं. इथं मी नजर खाली घातली. टेबलावर एक लहान पंखा होता, आणि पंख्याचा वारा तोंडावर यावा म्हणून त्याच्याखाली एक जाडजूड निळी फाइल सरकवलेली. "ह्या मावशी फाटकांचे आणि तिकीट खिडकीचे फोटो काढत होत्या," पहारेकरी म्हणाला. "एकच," मी म्हणाले. "एक काय, दहा काय," साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्ही सुशिक्षित दिसता. ही जागा संवेदनशील आहे. काय करायचंय तुम्हाला तिकीट खिडकीच्या फोटोचं?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते ह्या खोलीत मावण्यासारखं नव्हतं. "आठवण म्हणून," म्हणाले. "खिडकीची?" साहेब पहारेकऱ्याकडे बघून हसले. पहारेकरी हसला नाही. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, मागच्या महिन्यात कुणीतरी बंद पडलेल्या जिन्याचा फोटो सगळीकडे फिरवला. त्या दिवशी जिन्यापाशी ज्याची पाळी होती त्याला घरी बसवलं. तो काही जिना बिघडवायला गेला नव्हता." म्हणजे तोही घाबरलेला होता. खोलीत आम्ही तिघं होतो, आणि भीती प्रत्येकाची वेगळी होती.

एका पडद्यावर मला तो बाक दिसला. चौथ्या जागेवर आता कुणीतरी पिशवी ठेवली होती. शेजारच्या पडद्यावर एक उतरत्या छताची खोली होती, आणि त्या खोलीत एक बाई पाठमोरी उभी होती. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, उजवा खांदा डाव्याहून खाली, बहुतेक फळ्यावर लिहून लिहून. केवढी बारीक झाली आहे ही, असा विचार आला, आणि मग कळलं. मी हात हलवला. तिनं हलवला. हे असं दिसत होतं तर ह्यांना. "हे काय आहे?" मी विचारलं. "कॅमेरे आमचे," साहेब म्हणाले. "सगळं टिपतात. तुम्ही दारातून आत आल्यापासूनचं." "माझे पाठमोरे फोटो तुम्ही दिवसभर काढणार, आणि मी खिडकीचा एक काढला तर?" हे वाक्य मी बोलले की नुसतं मनात म्हटलं, ह्याची मला काही क्षण खात्री नव्हती. साहेबांचा चेहरा बदलला, म्हणजे बोलले असेन. "तुम्ही नियम शिकवू नका आम्हाला."

नियम ह्यांना पाठ होता. फार पूर्वी, इस्पितळ वगैरे काही नव्हतं तेव्हा, ह्यांनी स्थानकाच्या मुख्य कचेरीला पत्र लिहून विचारलं होतं आणि उत्तर मिळवलं होतं. "स्टँड लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, कुणाची वाट अडवायची नाही. मग कुणाच्या बापाची हरकत नाही," असं हे जेवताना सांगत होते. "पत्रात बाप होता?" मी विचारलं होतं. "बाप मी घातला." ते पत्र घरात कुठंतरी होतं. पण ते हातात असतं तरी मी बाहेर काढलं असतं का? टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस बरोबर असतो, हे मी स्वतः एकतीस वर्षं पलीकडे बसून मुलांच्या मनात भरवलं होतं. पिशवी दाखव, खिशात काय आहे, मूठ उघड. मुलं मूठ उघडायची. त्यात कधी गोटी असायची, कधी मेलेला भुंगा, कधी काहीच नसायचं, आणि काहीच नसलं की मला वाईट वाटण्याऐवजी राग यायचा. का, हे मला आज कळत नाही.

"उघडा तो कॅमेरा," साहेब म्हणाले. "आमच्यासमोर उघडा, प्रकाश लागू दे, विषय संपला. एवढं मलाही कळतं, माझ्या मामाकडे होता असला." पहारेकऱ्यानं खोलीतला दुसरा दिवाही लावला. "उघडते," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "उघडायच्या आधी गुंडाळावं लागतं." हे खरं होतं. गुंडाळलेला रोल डबीत जातो आणि डबीला दिव्याची भीती नसते, हेही खरं होतं, आणि ते मामांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा उलटा केला, तळाचं इवलं बटण दाबलं, डावीकडची कळ उचलून तिचा दांडा बाहेर काढला. आणि तिथं माझा हात थांबला. इतके महिने डोळे मिटून मी जे पाहणं टाळलं होतं, ते आता बोटांना कळणार होतं. बोटं मिटता येत नाहीत. आत फिल्म नुसती जिभेएवढी बाहेर असेल तर कळ दोन फेऱ्यांत सैल पडेल आणि वाऱ्यावरच्या चक्रासारखी फिरेल. "काय झालं?" साहेब म्हणाले. "काही नाही," मी म्हणाले आणि कळ फिरवली.

एक फेरी. कळ हलकी होती. दोन. हलकीच. माझ्या कानांत जिन्याची घरघर एकदम मोठी झाली, आणि मला ह्यांचा चेहरा दिसला, टॅक्सीत माझ्या शेजारी, कॅमेरा मांडीवर, पहिल्या फोटोच्या तयारीत. तिसऱ्या फेरीला काहीतरी अडलं. कळ नव्हे, कळीच्या आत, लांबवर, काहीतरी ताणलं गेलं. विहिरीतून दोर ओढताना खाली पाणी भरलेलं आहे हे जसं हाताला समजतं, तसं. मी फिरवत राहिले. वजन होतं. बारीक खरखर होती, एकसारखी, एकेक भोक एकेका दात्यावरून सुटत असल्याची, आणि ती अंगठ्यातून मनगटात आणि मनगटातून कोपरापर्यंत येत होती. दाते बसले होते. चौदा महिने, आणि त्याआधीचे सगळे गुरुवार, दाते बसलेले होते. मी न बघता बोलले होते आणि ते खरं निघालं होतं. म्हणून ते खोटं बोलणं नव्हतं असं काही होत नाही, पण मला रडू येत होतं आणि साहेबांना वाटलं मी घाबरले. "बसा मॅडम, बसा," ते म्हणाले. "पाणी आण रे ह्यांना." मी मान हलवली आणि फिरवत राहिले. शेवटी एक लहानसा हिसका बसला, आत काहीतरी सुटलं, आणि कळ मोकळी झाली.

मी झाकण उघडलं. दोन्ही दिव्यांचा उजेड त्या काळ्या पोकळीत पडला. मी हा रोल भरला त्यानंतर तिथं कुणी पाहिलं नव्हतं. दाते चकचकीत होते. साहेब पुढे वाकले, पहारेकरी त्यांच्या खांद्यावरून वाकला. "आत तर काहीच नाही," पहारेकरी म्हणाला. "प्रकाश लागला ना, उडालं," साहेब म्हणाले, मामाच्या अधिकारानं. मग माझ्याकडे बघून, मुलाला समजावतात तसं, "गेलं ना सगळं? मग झालं तर. जा तुम्ही." मी डबी काढून मुठीत धरली. ती गरम होती, की मूठच गरम होती. आता फक्त एक शब्द बोलायचा होता. हो. ह्यांचे तेवीस फोटो त्या एका शब्दाच्या पलीकडे होते; बोलायचं, दारातून बाहेर पडायचं, जिन्यानं वर. पहारेकऱ्यानं दार उघडून धरलंसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की मला वाटलं, निदान ह्याच्यासाठी तरी म्हणावं. मी दोन पावलं चालले. तिसरं उचललं, आणि मला पलंगावरून आवाज आला, बसले का? मुलांना चुकीचं शिकवून मी कधी वर्ग सोडला नव्हता. चुकीचं गणित फळ्यावर राहिलं असेल तर घंटा झाली तरी पुसून, दुरुस्त करून मग निघायची, मुलं कुरकुरायची. उद्या ह्या जागी दुसरं कुणी येईल, त्याच्या हातात असली डबी नसेल, आणि हे दोघं त्याला म्हणतील, त्या मावशींनी कसं मुकाट्यानं उघडलं.

मी वळले. "नाही," म्हणाले. "काय नाही?" "काही गेलं नाही. सगळं ह्या डबीत आहे. गुंडाळल्यावर प्रकाश लागत नाही." पहारेकऱ्यानं दार हळूच लोटून घेतलं. "मावशी," तो कळवळून म्हणाला, "हो म्हणून गेला असतात तर काय बिघडलं असतं?" साहेबांनी टेबलावर तळहात पसरला. "द्या ती डबी." मी खुर्ची ओढली आणि बसले. मूठ मांडीवर ठेवली, मिटलेली. "देते," मी म्हणाले. "नियमात बंदी असेल तर देते. दाखवा." "नियम आहे, मॅडम." "असेल. दाखवा." "आता कुठं शोधू?" मी पंख्याखालच्या निळ्या फाइलकडे बघितलं. तिच्या कण्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: प्रवासी व परिसर – नियम. साहेबांनीही तिकडे बघितलं. पहारेकऱ्यानं न सांगता पंखा उचलून दोन्ही हातांत धरला, त्याची वायर टेबलाच्या कडेला ताणली गेली, आणि वारा छताकडे जाऊ लागला. फाइलवर पंख्याच्या बैठकीचा गोल वळ उमटला होता. साहेबांनी ती मागून उघडली. "शेवटून नको," मी म्हणाले, "पहिल्या पानावर अनुक्रमणिका असेल. सावकाश शोधा. मला घाई नाही." त्यांनी चष्मा शोधला, मी कपाळाकडे बोट केलं, त्यांनी तो खाली ओढला. पानं चिकटलेली होती. एकतिसाव्या पानावर ते थांबले आणि नकळत ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले, "छायाचित्रण. प्रवाशानं स्वतःच्या उपयोगासाठी, स्टँड न लावता, फ्लॅश न वापरता, आणि इतरांच्या वाटेत अडथळा न आणता..." बोट थांबलं. ओठ पुढचे शब्द आवाज न करता वाचत होते. पहारेकरी पंखा धरून वाकून बघत होता. बाराव्या पडद्यावर एक पाठ होती, सरळ. मूठ मी उघडली नाही.

"पुढे वाचा," मी म्हणाले.